मनातील पाप आणि हातचे पाप

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. सामान्यतः ती काळजीच्या प्रसंगी वापरतात. परंतु तिच्यात मानवी मनाविषयी एक कटू सत्यही साठविलेले आहे. शत्रूलाही सुचणार नाही असे काहीतरी कधी कधी आपल्याच मनात उभे राहते व आपणच दचकतो. अशा वेळी ख्रिस्ती मनुष्यापुढे साहजिकच प्रश्न येतो की, जे केवळ मनात आले, हातून घडले नाही, त्याबद्दल आपण देवापुढे कितपत जबाबदार आहो? हा प्रश्न आम्ही वादविवादाच्या हौसेने हाती घेतलेला नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने तो आमच्यापुढे ठेविला, आणि त्याच्या दुःखास आमचेच शब्द कारण झाले होते. म्हणून त्याचा येथे विचार करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी शास्त्राच्या तासास आम्ही मत्तयकृत शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय शिकवीत होतो. खून केला नाही एवढ्याने आज्ञा पाळली असे होत नाही, भावावर राग धरणारासही देवाच्या न्यायास तोंड द्यावे लागेल, असे प्रभू येशू तेथे सांगतो. तास संपता संपता आम्ही मोठ्या आवेशाने म्हणालो, “लक्षात ठेवा, मनात आणले की केल्यासारखेच!” घंटा झाली व मुले वह्या मिटून गेली. पुढे वसतिगृहातील एक मुलगा प्रभुभोजनास येईनासा झाला. पुष्कळ दिवसांनी त्याने मन मोकळे केले. सुट्टीत थोरल्या भावाशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले होते, आणि ‘हा मेला तर बरे’ असे क्षणभर त्याच्या मनात येऊन गेले. पंधरा दिवसांच्या आत तो भाऊ तापाने अंथरुणास खिळला. भाऊ बरा झाला. ह्याचे मन मात्र बरे झाले नाही. तो म्हणाला, “सर, मनात आणले म्हणजे केलेच ना? मग मी खुनीच झालो. आणि तसे असेल, तर त्या दिवशी हात आवरून मी मिळविले तरी काय?”

ह्या शेवटच्या वाक्याने आम्ही चपापलो. विचार आणि कृती ही सर्वथा सारखीच मानली, तर भित्र्या मनाचा मनुष्य निराशेत बुडेल, आणि निर्ढावलेला मनुष्य म्हणेल, ‘दोष लागलाच आहे, मग करूनच का टाकू नये?’ प्रभूच्या शिकवणीचे असे फळ खचित असू शकत नाही. चूक प्रभूच्या वचनात नव्हती. आम्ही त्याचा जो संक्षेप केला, त्यात होती.

प्रभूने मनात उठणाऱ्या प्रत्येक तरंगास पाप म्हटलेले नाही. जो राग मनुष्य जवळ बाळगतो, जी वासना तो हेतुपूर्वक पोसतो, तिच्याविषयी तो बोलतो. शिवाय, स्वतः प्रभूची अरण्यात परीक्षा झाली. धोंड्यांच्या भाकरी करण्याची सूचना त्याच्यापुढे आली, आणि त्या वेळी तो ४० दिवसांचा उपाशी होता. तरीही, आपल्याप्रमाणेच त्याची सर्व प्रकारे परीक्षा झाली पण तो निष्पाप राहिला, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायात सांगितले आहे. वाईट सूचना नुसती समोर येणे हेच पाप असते, तर असे म्हणता आले नसते.

मग पाप कोठे सुरू होते? उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टिन ह्यांनी डोंगरावरील प्रवचनावर लिहिताना ह्याच्या तीन पायऱ्या दाखविल्या आहेत: सूचना, गोडी आणि संमती. एदेन बागेतील सर्प, हव्वा व आदाम ह्यांच्याशी त्यांनी ह्या पायऱ्यांची तुलना केली आहे. आपण परीक्षेच्या दालनातील उदाहरण घेऊ. शेजाऱ्याची उत्तरपत्रिका सहज दृष्टीस पडली, ही सूचना. ‘पाहून लिहिले तर किती बरे होईल’ असे वाटून मन तेथे घुटमळू लागले, ही गोडी. ‘आता पाहायचेच’ असा निश्चय केला, ही संमती. इतक्यात पर्यवेक्षक जवळ येऊन उभे राहिले व बेत फसला. त्या मुलाने कागदावर एक अक्षरही चोरले नाही. तरी देवापुढे तो निर्दोष नाही, कारण त्याला सदाचाराने नव्हे, भीतीने आवरले. उलट, मोह होऊनही ज्याने स्वतः होऊन मान फिरविली, त्याने पाप केले नाही. त्याने एक लढाई जिंकली.

इजिप्तच्या वाळवंटात राहून इ. स. ३९९ मध्ये निवर्तलेले तपस्वी इव्हाग्रिअस ह्यांनी मनुष्यास छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले. त्यांचेही म्हणणे असेच आहे की, ते विचार येऊ द्यावे की नाही हे आपल्या हाती नाही; त्यांना बिऱ्हाड करू द्यावे की नाही, हे मात्र आहे.

जॉन बन्यन ह्यांस हा भेद मोठ्या यातना सोसून कळला. ख्रिस्ताला विकून टाक, असा विचार मनात वारंवार येऊन त्यांनी कसा छळ भोगला, हे त्यांनी १६६६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. पुढे १६७८ साली त्यांचा यात्रेकरूविषयीचा प्रख्यात ग्रंथ निघाला. हरी केशवजी ह्यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने तो मराठीत आणिला. त्यात मृत्युच्छायेच्या खोऱ्यातून जाताना एक दुष्टात्मा यात्रेकरूच्या मागून हळूच येऊन त्याच्या कानात देवनिंदा कुजबुजतो, आणि तो बिचारा समजतो की हे शब्द आपल्याच अंतःकरणातून निघाले. ज्या शब्दांचा त्याला तिटकारा येतो, त्यांचाच दोष तो आपल्या माथी घेतो. मानसशास्त्रज्ञांनीही आता हे तपासून पाहिले आहे. राचमन व डि सिल्वा ह्यांनी १९७८ साली दाखवून दिले की, नको असलेले भयंकर विचार केवळ मनोरुग्णांसच नव्हे, तर धडधाकट माणसांपैकी बहुतेकांस येतात.

आता दुसरी बाजू. संमती दिलेला विचार हे जर पापच, तर कृतीने अधिक काय होते? पुष्कळ होते. विचाराची जखम विचार करणाराच्या आत्म्यास होते. कृतीची जखम शेजाऱ्यासही होते. मनातल्या पापाचा पश्चात्ताप खोलीचे दार लावून करता येतो; हातच्या पापासाठी दाराबाहेर पडून भरपाई करावी लागते. जक्कयाने ज्यांना फसविले होते त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले, ते ह्याचसाठी. आणि कृती पुन्हा पुन्हा घडली की तिची सवय होते, व सवय मनुष्यास बांधून टाकते.

ऑगस्टिन ह्यांनी ह्यास एक हृदयंगम दृष्टांत दिला आहे. प्रभूने तीन मृतांस उठविल्याची कथा शुभवर्तमानांत आहे. याइराची मुलगी घरातच मरण पावली होती. ते मनातले पाप. नाईन गावच्या विधवेच्या मुलास वेशीबाहेर नेत होते. ते कृतीत उतरलेले पाप. लाजार चार दिवस कबरेत होता. ते सवयीचे पाप. तिघेही मेलेलेच, तरी तिघांची अवस्था एक नव्हे. आणि तिघांनाही प्रभूने उठविले.

आम्ही त्या मुलास एवढेच सांगितले की, भावाचा ताप तुझ्या विचाराने आला नाही. क्षणभर आलेला तो विचार तू बाळगला नाहीस. बाळगला असतास तर तुला रडू आले नसते. परंतु भांडणाचा राग उरला असेल, तर त्याचे औषध प्रभूने त्याच अध्यायात सांगितले आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. पुढल्या सुट्टीत त्याने भावास सर्व सांगितले. भाऊ हसला व म्हणाला, “वेड्या, त्या दिवशी मीही तुझे काही चांगले चिंतिले नव्हते!” त्यानंतरच्या प्रभुभोजनास तो मुलगा आला.

आमचे ते वाक्य आम्ही त्याच वर्गासमोर परत घेतले. विद्यार्थिमित्रहो, वाईट विचार दाराशी आला म्हणून घाबरू नका. त्याला पाट मांडून बसवू नका. आणि चुकून बसविलाच असेल, तरी हात अजून आपला आहे हे विसरू नका. तो आवरण्यात मोठा लाभ आहे.