एअरोटरचे तीन लाख फेरे आणि एक थेंब औषध

१.३ ते ३.२ मिलिमीटर. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या दफनभूमीत मिळालेल्या दाढांना जी भोके पाडलेली आहेत, त्यांची ही रुंदी. दाढा अकरा, माणसे नऊ, आणि काळ आजपासून साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. २००६ साली ‘नेचर’मध्ये ही माहिती छापून आली. संशोधकांनी गारगोटीचे टोक लावलेला, धनुकलीने फिरवायचा गिरमिट तयार करून पाहिला, तर दाताच्या कठीण कवचात तसेच भोक पडायला एक मिनिटही लागले नाही. मेहरगढला मणी घडवणारे कारागीर होते, त्यांच्याच हातचे हे कसब असावे. भोकांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झालेल्या आहेत, म्हणजे ही माणसे नंतरही त्याच दाढांनी जेवत होती. निदान चार दाढांवर किडीच्या खुणा आहेत.

तेव्हा भूल नव्हती. त्या एका मिनिटाचा विचार केला की पुढचे सगळे आकडे कशासाठी वाढत गेले, ते कळते.

१७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशारने दंतवैद्यकावरचा पहिला सविस्तर ग्रंथ छापला. १८७१ साली अमेरिकेत जेम्स मॉरिसनने शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे यंत्र आणले. त्याचे टोक मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेई. विजेवर चालणारी यंत्रे आल्यावरही बराच काळ वेग काही हजारांतच राहिला. खरी उडी १९५७ सालची. त्या वर्षी जॉन बोर्डन यांचे हवेच्या दाबावर चालणारे यंत्र बाजारात आले. त्याचा वेग मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे आणि नाव ‘एअरोटर’. आपल्याकडचे डॉक्टर आजही कुठल्याही कंपनीच्या यंत्राला एअरोटरच म्हणतात.

तीन लाख म्हणजे सेकंदाला पाच हजार फेरे, मॉरिसनच्या यंत्राच्या दीडशे पट. हिऱ्याची पूड बसवलेल्या टोकाचा व्यास १.२ मिलिमीटर धरला, तर त्याची कड सेकंदाला जवळजवळ १९ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर वेगाने धावते. एसटीच्या वेगाने पळणारी ही कड दाढेत फिरत असते आणि जीभ तिच्यापासून बोटभरही दूर नसते. दाताच्या कवचात ९६ टक्के खनिज असते, शरीरात याहून कठीण दुसरे काही नाही. जुन्या यंत्राने ते कोरायचे तर डॉक्टरला जोर लावून दाबावे लागे आणि जबडा थरथरे. एअरोटर नुसता टेकवला तरी काम होते.

पण वेगासोबत उष्णता आली. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग केले. दाताच्या आतल्या मऊ, जिवंत भागाचे तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढले, तेव्हा सुमारे १५ टक्के दात आतून मेले. ११ अंशांनी वाढले तेव्हा सुमारे ६० टक्के. एअरोटरच्या तोंडातून पाण्याची बारीक फवार येते ती याचसाठी. खुर्चीवर आडवे पडून गालावर उडालेले पाणी पुसताना आपल्याला त्याचा वैताग येतो, पण त्या पाण्यानेच दात वाचतो.

दुखण्याचा हिशेब तारखांवरूनच कळतो. १८४४ साली होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला. १८४६ साली बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे करून दाखवली, तोही दंतवैद्यच. जगभरच्या शस्त्रक्रियांना भूल मिळाली त्यात दात काढणाऱ्यांचा हात आहे, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. १९०५ साली नोव्होकेन आले, १९४३ साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. त्यालाच आपण लिग्नोकेन म्हणतो. आज हिरडीत टोचतात ते बहुतेक वेळा दोन टक्के लिग्नोकेन, आणि ऐंशी हजार भागांत एक भाग ॲड्रिनॅलिन.

क्ष-किरणांचे तसेच. रॉन्टगेनचा शोध १८९५ अखेरचा. पुढच्याच जानेवारीत जर्मनीत ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांची प्रतिमा घेतली. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. आता सेकंदाचा अंश पुरतो.

एवढे सगळे झाल्यावर दात किडायचे थांबले का? भारताच्या २००२-०३च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांना दातांची कीड होती. बारा वर्षांच्यांत ५३.८, पंधराच्यांत ६३.१ टक्के. ३५ ते ४४ वयात हा आकडा ८० टक्क्यांवर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, आणि ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. देशात आज तीनशेहून जास्त दंतमहाविद्यालये आहेत. तरी गावाकडे दाढ ठणकली की आधी लवंग धरायची, नाहीतर मशेरी चोळायची. लवंगेने तात्पुरता आराम पडतो हे खरे. तिच्यातले युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून डॉक्टरही दाढ तात्पुरती भरतात, दवाखान्यातला तो ओळखीचा वास तिचाच. मशेरी मात्र तंबाखूच आहे. तिने दुखणे बधिर झाल्यासारखे वाटते आणि व्यसन जडते.

कीड खऱ्या अर्थाने कमी झाली ती यंत्राने नव्हे. २५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली, दहा लाख भागांत एक भाग. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली. हा मार्ग आपल्याला जसाच्या तसा चालणार नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम ही आपली मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड. यवतमाळ-चंद्रपूरच्या कितीतरी विहिरी-बोअरवेलचे पाणी आधीच त्यापलीकडे आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. म्हणून आपल्यासाठी फ्लोराइड पाण्यातून नको, पेस्टमधून हवे.

आणि ज्यांच्या दातांना कीड लागून चुकली आहे, त्यांच्यासाठी? २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड पेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड यांचा समावेश केला. यातले शेवटचे ३८ टक्क्यांचे द्रावण. कापसाने दात कोरडा करून बारीक ब्रशने एक थेंब किडीवर लावायचा. भोक पाडायचे नाही, सुई टोचायची नाही, वीज लागत नाही. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मुलांच्या दातांतली सुमारे ८१ टक्के चालू कीड या औषधाने थांबल्याचे दिसले. किडलेली जागा कायमची काळी पडते, हा त्याचा दोष. आईवडिलांना तो आधी नीट सांगितला पाहिजे. पण कीड आत जाऊन पाच वर्षांच्या लेकराने रात्रभर रडण्यापेक्षा काळा डाग ही फार लहान किंमत आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते, आणि ज्या आजारांसाठी मुले तपासायची त्या यादीत दंतकीड आहेच. म्हणजे किडलेला दात सरकारी पथकाला दिसतो आणि कागदावर नोंदला जातो. त्या पथकासोबत दंतवैद्य आणि हे औषध दोन्ही असावे, एवढीच माझी मागणी आहे. एअरोटर शहरातल्या दवाखान्यात राहू द्या, थेंब गावात पोचू द्या.

आणि आईवडिलांना एक सांगणे. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून त्यांची कीड सोडून देऊ नका. दुधाची शेवटची दाढ मुलाच्या तोंडात दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत असते.