स्थानिक नेतृत्व आणि ड्रोन तंत्रज्ञान : वार्षिक आराखड्याचे अर्थशास्त्र

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये झालेल्या भूकंपात सुमारे नऊ हजार लोक मृत्युमुखी पडले. मदतीसाठी धावून आलेल्या परदेशी पथकांपैकी अनेकांजवळ ड्रोन होते. त्यांनी आकाशातून छायाचित्रे टिपली. परंतु ती कोणाच्या परवानगीने टिपली गेली, कोणाच्या उपयोगी पडली आणि पथके परतल्यावर कोठे गेली, हे प्रश्न अनुत्तरित राहिले. लवकरच नेपाळ सरकारला ड्रोनच्या वापरावर निर्बंध घालावे लागले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र वेगळा प्रयोग झाला. काठमांडू विद्यापीठाच्या सहकार्याने स्थानिक तरुणांना ड्रोन चालविण्याचे व नकाशे तयार करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. किर्तिपूरजवळील पांगा या भूकंपग्रस्त वस्तीचा नकाशा मोठ्या आकारात छापून रहिवाशांसमोर ठेवण्यात आला आणि त्यांनी स्वतः त्यावर खुणा केल्या. यंत्रे जवळपास तीच होती. बदलला होता तो निर्णयाचा अधिकार. ‘वीरोबोटिक्स’ या ना-नफा संस्थेच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘फ्लाइंग लॅब्स’चे जाळे याच विचारातून वाढले. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांमध्ये या प्रयोगशाळा स्थानिक संस्थांकडून चालविल्या जातात.

अशा संस्थांचा वार्षिक आराखडा हा वरवर पाहता अंतर्गत प्रशासनाचा भाग वाटतो. प्रत्यक्षात ‘स्थानिक नेतृत्व’ हा शब्द खरा की केवळ शोभेचा, याचा निर्णय त्याच दस्तऐवजात होत असतो.

प्राधान्यक्रम कोणाचा?

मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत मोठ्या देणगीदारांनी व मदत संस्थांनी, २०२० पर्यंत मदतनिधीपैकी किमान २५ टक्के रक्कम शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांपर्यंत पोहोचविण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. ते मुदतीत गाठता आले नाही. याचे एक कारण आराखड्याच्या रचनेत आहे. देणगीदार आधी विषय ठरवितो, मध्यस्थ संस्था त्यानुसार प्रकल्प आखते आणि स्थानिक संस्थेच्या वाट्याला केवळ अंमलबजावणी येते. परिणामी गावाला पाणलोटाचा नकाशा हवा असताना औषधवाहतुकीचे प्रात्यक्षिक होते.

पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात २०१६ च्या अखेरीपासून झालेल्या चाचण्यांमध्ये सर्पदंशावरील औषध ड्रोनद्वारे पाठविण्यात आले. नदीमार्गे होडीने काही तास लागणारा प्रवास ड्रोनने एका तासाच्या आत पूर्ण केला. यश निर्विवाद होते. तथापि, यशस्वी चाचणी म्हणजे सेवा नव्हे. ती वर्षभर चालविण्याचा खर्च स्थानिक आरोग्य यंत्रणा उचलणार की नाही, हे आराखडा आखतानाच विचारावे लागते.

ऋतू आणि आर्थिक वर्ष

दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा. भारतात आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मंजुरी व करार पूर्ण होऊन निधी हाती येईपर्यंत अनेकदा पावसाळा उजाडतो. पूरप्रवण भागाचा आधारभूत नकाशा तर पुरापूर्वी, म्हणजे जूनच्या आधी तयार असावा लागतो. मुसळधार पावसात व जोरदार वाऱ्यात सामान्य ड्रोन उडू शकत नाही. आसाम किंवा उत्तर बिहारमध्ये काम करणाऱ्या संस्थेला जुलैमध्ये मिळालेला निधी त्या वर्षीच्या पूरपूर्व नकाशासाठी निरुपयोगी ठरतो. तोच एप्रिलच्या आरंभी मिळाला असता, तर नकाशा वेळेत तयार झाला असता. पीक फवारणीसही हाच नियम लागू पडतो. म्हणून आराखडा लेखापालाच्या दिनदर्शिकेनुसार न आखता पीकचक्र व पर्जन्यमान यांनुसार आखला पाहिजे आणि किमान दोन-तीन वर्षांच्या निधीची हमी त्यास जोडलेली असली पाहिजे.

खर्चाचे खरे स्वरूप

देणगीदारास यंत्र खरेदी करून देणे आवडते, कारण ते दिसते व मोजता येते. परंतु ड्रोनच्या किमतीपेक्षा त्यामागील आवर्ती खर्च निर्णायक असतो. बॅटऱ्या ठरावीक वेळा भारित झाल्यावर निकामी होतात. पंखे व संवेदक बदलावे लागतात. विमा, संगणक, आज्ञावली, प्रवास आणि चालकाचे वेतन हे खर्च सुरूच राहतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या संस्थेचा यंत्राचा घसारा, विमा व वेतन मिळून वार्षिक स्थिर खर्च ६ लाख रुपये आहे. वर्षात ३० दिवस उड्डाणे झाली, तर दर दिवशी २०,००० रुपये स्थिर खर्च पडतो. १२० दिवस झाली, तर तो ५,००० रुपयांवर येतो. एकाच प्रकल्पासाठी घेतलेले यंत्र महाग पडते. शेती, जलसंधारण, वन आणि ग्रामपंचायत यांची कामे एकत्र गुंफल्यास तेच परवडते.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेमागेही भाड्याने सेवा देण्याचेच तत्त्व आहे. १,२६१ कोटी रुपयांच्या या योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन पुरविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आणि सदस्य महिलेस १५ दिवसांचे प्रशिक्षण यांची त्यात तरतूद करण्यात आली. अशा गटांच्या बाबतीत स्वयंसेवी संस्थांना मोठे काम आहे. जवळच्या अंतरावर दुरुस्तीची सोय, शेतावर बॅटरी भारित करण्याची व्यवस्था आणि हंगामाबाहेरील दिवसांसाठी अन्य काम, या तीन गोष्टींची तरतूद झाली तरच यंत्राचे रूपांतर उत्पन्नाच्या साधनात होते.

कायद्याची चौकट

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी परवानगीची पद्धत बरीच सुलभ केली. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व तांबडे असे भाग करण्यात आले आणि हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगीची अट राहिली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर, काही अपवाद वगळता, बंदी आली. सुटे भाग मात्र आणता येतात. देशांतर्गत निर्मितीस त्यामुळे चालना मिळाली. निधीच्या बाबतीत २०२० मधील दुरुस्तीनुसार विदेशी अंशदान घेणारी संस्था ते अन्य संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजेच मोठ्या संस्थेने परदेशातून निधी घेऊन लहान स्थानिक संस्थांना वाटण्याचा मार्ग भारतात उपलब्ध नाही. येथील आराखड्यात देशांतर्गत निधी, सामाजिक उत्तरदायित्वाची रक्कम व सेवाशुल्क यांना अधिक स्थान द्यावे लागते.

माहितीची मालकी

गावावरून उडालेले ड्रोन घरे, अंगणे, शेते सारे टिपते. ही माहिती कोणाजवळ राहणार? या संदर्भात ‘स्वामित्व’ योजनेचा अनुभव बोधप्रद आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेपूर्वी पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. या पद्धतीत उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात. आकाशातून छप्पर दिसते, हद्द दिसत नाही. ती ग्रामस्थांनाच ठाऊक असते. नकाशाची अचूकता जितकी कॅमेऱ्यावर, तितकीच त्या चुन्याच्या रेषेवर अवलंबून असते. स्वयंसेवी संस्थेच्या आराखड्यातही पूर्वसंमतीची ग्रामसभा, छापील नकाशाची प्रत गावास देणे आणि दुरुस्तीची संधी यांसाठी स्वतंत्र दिवस व स्वतंत्र रक्कम राखून ठेवली पाहिजे.

मूल्यमापनाची कसोटी

वर्षअखेरीस किती उड्डाणे झाली व किती हेक्टर क्षेत्र मोजले, याची आकडेवारी देणे सोपे असते. त्यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. नकाशाच्या आधारे बंधाऱ्याची जागा बदलली का? स्थानिक चालकास पुढील वर्षी काम मिळाले का? यंत्र बिघडले तेव्हा ते तालुक्यात दुरुस्त झाले की महिनोन्महिने पडून राहिले? बाहेरील संस्था उद्या निघून गेली, तर काम सुरू राहील का? दरवर्षी या प्रश्नांची उत्तरे होकाराकडे थोडी अधिक झुकत गेली, तर आराखडा योग्य दिशेने चालला आहे असे म्हणता येईल. तंत्रज्ञान बाहेरून आणता येते. त्याचा उपयोग ठरविण्याची क्षमता मात्र गावातच रुजवावी लागते आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून तरतूद असावी लागते.