वाहतुकीचे नियम व वाहनचालकाचा परवाना : शाळेत काय शिकवावे

जुना मुंबई–आग्रा मार्ग नाशिक जिल्ह्यातून जातो. इगतपुरी, नाशिक, पिंपळगाव बसवंत, चांदवड, मालेगाव ही गावे त्याने जोडली असून त्याच्या दोन्ही अंगांस लहानलहान गावांचे फाटे आहेत. या फाट्यांवरून पहाटे दुधाचे कॅन, हंगामात द्राक्षांचे क्रेट व कांद्याच्या ट्रॉल्या मुख्य रस्त्यावर येतात. ही वाहने चालविणाऱ्यांत मिसरूड न फुटलेली मुले किती असतात, हे खेड्यातील शिक्षकास सांगावयास नको. सातवीतील मुलगा वडिलांची मोटारसायकल सफाईने चालवितो याचे घरात कौतुकच होते. परवान्याचा प्रश्न निघतो तो अठरावे वर्ष लागल्यावर. आणि तोही बहुधा दलालाकडून मिळवावयाचा एक कागद म्हणून. तोपर्यंत चांगल्या-वाईट सवयी हाडीमांसी खिळलेल्या असतात. रस्त्याचे नियम शिकविण्याचे खरे वय प्राथमिक शाळेचे आहे, ते यासाठी.

आपल्या देशात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे 1988 चा मोटार वाहन कायदा. त्याने 1939 च्या कायद्याची जागा घेतली व तो 1 जुलै 1989 पासून अमलात आला. परवान्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही, आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज परवाना मिळत नाही. ‘सोळाव्या वर्षी मिळतो’ असे पालक पुष्कळदा सांगतात. त्यात अर्धेच तथ्य आहे. ती सवलत 50 घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती आहे. 1972 साली निघालेली लुना त्या मर्यादेत बसत असे. आज खेडोपाडी दिसणाऱ्या मोटारसायकली 100 घनसेंटिमीटर व त्याहून मोठ्या आहेत, म्हणून ती सवलत त्यांना लागू नाही. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच होय. ‘शेतीचे अवजार आहे’ ही सबब बांधावरून रस्त्यावर चाक येताच संपते.

2019 च्या दुरुस्तीने या बाबतीत पालकांवर मोठी जबाबदारी टाकली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड अशी ही शिक्षा आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते व त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळू शकत नाही. आपल्या नकळत किंवा पुरेशी काळजी घेऊनही हे घडले, असे पालकाने सिद्ध केले तरच त्याची सुटका होते. आणि किल्ली रोज खुंटीवर लटकत असेल, तर ते सिद्ध करणे सोपे नाही. पालकसभेत ही तरतूद वाचून दाखवावी. धाक घालणे हा तिचा हेतू नसावा. मुलगा नोकरीसाठी चालक होऊ इच्छील तेव्हा त्याचे नुकसान किती होईल, हे पालकांस कळावे.

मात्र मुलांपुढे दंडाचे आकडे मांडून नियम शिकविता येत नाहीत. नियम पाठ होतो, पण रस्त्यावर आठवत नाही. कारण समजले तर आठवतो. चिन्हांचेच पाहा. लाल कडेचे वर्तुळ म्हणजे मनाई, निळे वर्तुळ म्हणजे सक्ती, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढील धोक्याची सूचना आणि आयत म्हणजे माहिती. हे आकार कळले की शेकडो चिन्हे वेगवेगळी घोकावी लागत नाहीत. ‘थांबा’ हे चिन्ह अष्टकोनी व ‘रस्ता द्या’ हे उलट्या त्रिकोणाचे का, असा प्रश्न वर्गात टाकावा. चिन्हावर चिखल उडाला, रंग उडाला, किंवा ते पाठीमागून दिसले, तरी केवळ आकारावरून ओळखू यावे म्हणून.

फाट्याचा नियमही असाच कारणासह सांगावा. उपरस्त्यावरून येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरील वाहनास आधी जाऊ द्यावयाचे असते, कारण मुख्य रस्त्यावरचे वाहन वेगात असते व त्यास एकाएकी थांबता येत नाही. अरुंद घाटात मात्र उतरणाऱ्याने बाजूस थांबून चढणाऱ्यास वाट द्यावयाची. नांदुरीहून सप्तशृंगगडावर गेलेल्या मुलांना याचे कारण विचारले, तर ती स्वतःच सांगतील : भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणे अवघड, आणि ती मागे सरकण्याचे भय वेगळेच. शाळेच्या पटांगणात फक्कीने फाटा आखून मुलांना वाहने करून सोडावे. एका तासात जे समजते ते चार तक्त्यांनी समजत नाही.

सर्वांत उपयुक्त पाठ गणिताच्या तासाचा आहे. ताशी 36 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास 10 मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात वाहन 10 मीटर पुढे गेलेले असते. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबावयास आणखी सुमारे 7 मीटर लागतात. एकूण 17 मीटर. आता वेग दुप्पट करावा : ताशी 72 किलोमीटर. विचाराचे अंतर दुप्पट, म्हणजे 20 मीटर होते. पण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने चौपट, म्हणजे सुमारे 28 मीटर होते. एकूण 48 मीटर. कबड्डीचे मैदान 13 मीटर लांबीचे असते. पहिले अंतर सव्वा मैदानाहून थोडे अधिक, तर दुसरे जवळजवळ चार मैदाने. मुलांनी ही अंतरे फितीने मोजून तेथे दगड ठेवावेत. पावसात अथवा रस्त्यावर माती सांडलेली असता ती आणखी वाढतात. अंधारात मागील दिवा वा परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली उभी असेल, तर मागून येणाऱ्यास ती या अंतराच्या आत आल्यावरच दिसते. घरच्या ट्रॉलीस लाल पट्ट्या आहेत काय, हे पाहून येण्याचे काम मुलांस जरूर द्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. पुष्कळ शिक्षक तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर शाळेत येतात. चार वर्षांवरील प्रत्येकास, मागे बसणाऱ्यासही, दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. चालकाखेरीज एकच माणूस बसविता येतो. हेल्मेट आरशास टांगून, तिघे बसून आलेल्या गुरुजींनी दुपारी शिकविलेला धडा मुले ऐकतात, पण सकाळी पाहिलेला लक्षात ठेवतात.

माजी विद्यार्थी परवान्याविषयी विचारावयास येतात, त्यांना क्रम नीट सांगावा. प्रथम शिकाऊ परवाना. त्यासाठी चिन्हे व नियम यांवरील परीक्षेत किमान 60 टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. 2021 पासून महाराष्ट्रात ही परीक्षा आधार पडताळणीने घरबसल्या देण्याची सोय झाली आहे. शेजारी बसून उत्तरे सांगणारा शोधू नये, एवढे त्यांस बजावावे. हा परवाना सहा महिने चालतो. त्या काळात वाहनावर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ अक्षर असावे लागते, आणि मोटारीत शेजारी परवानाधारक शिकविणारा हवा. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. ती नाशिक किंवा मालेगाव येथील परिवहन कार्यालयाकडे होते. दुचाकीस्वारास आठच्या आकड्यात वाहन फिरवावयास लावतात, याची मुले थट्टा करतात. पण मंद वेगात, पाय न टेकता, डावीउजवीकडे वळणे यातच तोल व ताबा यांची पारख होते. सरळ रस्त्यावर भरधाव जाणे कोणासही जमते.

अपघातानंतर काय करावे, हाही याच पाठाचा भाग होय. 28 जानेवारी 2020 रोजी देवळा तालुक्यातील मेशीजवळ एस.टी. बस व रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत पडली; वीसहून अधिक माणसे दगावली. अशा प्रसंगी रुग्णवाहिकेच्या आधी पोचतात ती शिवारातील माणसे, आणि रस्त्यालगतच्या शाळेतील शिक्षकही. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने लोक मागे सरतात. ही भीती निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्णयाने व पुढे 2019 च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. जखमीस रुग्णालयात पोचविणाऱ्याने आपले नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे असे नाही, आणि त्यास तेथे अडवून ठेवता येत नाही. 108 क्रमांकावर दूरध्वनी करून गावाचे व फाट्याचे नाव, जवळची ठळक खूण आणि जखमींची संख्या सांगावी. आपल्या शाळेजवळची ती खूण कोणती, हे चौथीच्या मुलांस विचारून पाहावे.