प्रोसेसरच्या डोक्यावरची हमाली

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला की अडत्या स्वतः रवे उचलत नाही. कोणता माल, कोणत्या गाळ्यात आणि किती, एवढे तो मुकादमाला सांगतो व वहीकडे वळतो. माल पोहोचला की मुकादम वर्दी देतो. संगणकातील 'डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस' अर्थात डीएमए ही व्यवस्था अशीच आहे.

ती नसेल, तर हार्ड डिस्कवरील ५१२ बाइटचा एक तुकडा मेमरीत नेण्यासाठी प्रोसेसरला दोन-दोन बाइट स्वतः उचलावे लागतात. म्हणजे तब्बल २५६ खेपा! या पद्धतीला पीआयओ म्हणतात. डीएमएमध्ये प्रोसेसर केवळ मेमरीतील पत्ता, बाइटची संख्या आणि दिशा सांगतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये मुकादमाचे हे काम ८२३७ ही स्वतंत्र चिप करीत असे. पुढे डिस्कचा नियंत्रक स्वतःच ते करू लागला. अर्थात मेमरीकडे जाणारी वाट सामाईक असल्याने प्रोसेसरला मधूनच क्षणभर थांबावे लागते. पण खेपा घालण्यापेक्षा ते केव्हाही परवडते.

२००५ च्या सुमारास राजारामपुरीतील एका स्नेह्यांचा संगणक अचानक मंदावला. सीडीवरील गाणी उतरवून घेताना माऊससुद्धा अडखळे. दुरुस्ती करणाऱ्याने नवी हार्ड डिस्क घ्यायला सांगितले. प्रत्यक्षात दोष सैल झालेल्या केबलचा होता. माल पोहोचवताना वारंवार चुका झाल्या, की विंडोज एक्सपी डीएमएचा वेग पायरीपायरीने उतरवीत असे आणि अखेर पीआयओवर येऊन थांबत असे. केबल बदलल्यावरही ती आपणहून वर चढत नसे, ही खरी मेख! 'डिव्हाइस मॅनेजर'मधून आयडीई चॅनल काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला आणि काम भागले. हजारो रुपयांचा खर्च वाचला.

मात्र मुकादमाला सर्व गाळे खुले ठेवण्यात धोकाही आहे. बाहेरून जोडलेले उपकरण प्रोसेसरला न विचारता मेमरी वाचू शकते. थंडरबोल्ट जोडणीतील अशा त्रुटी २०२० मध्ये 'थंडरस्पाय' या नावाने उघड झाल्या. त्यासाठी आता नव्या संगणकांत आयओएमएमयू हा पहारेकरी असतो. तो नेमून दिलेल्या गाळ्यापलीकडे उपकरणाला जाऊ देत नाही.