खच्चीकरण, कोंबड्यांचे

कोंबडीच्या नर पिलाचे दोन्ही वृषण (पुं-जनन ग्रंथी) शस्त्रक्रियेने काढून टाकण्याच्या क्रियेस खच्चीकरण म्हणतात. अशा कोंबड्यास ‘केपन’ ही संज्ञा आहे. मांस मऊ व चरबीयुक्त राहावे आणि नरांमधील झुंजी टळाव्यात, हे या क्रियेचे उद्देश होत.

इतिहास : तापलेल्या लोखंडाने शेपटीजवळ डाग देऊन कोंबडे खच्ची करीत, असा उल्लेख ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी केला आहे. रोममध्ये इ. स. पू. १६१ च्या फॅनियस कायद्याने पुष्ट केलेल्या कोंबड्या मेजवानीत वाढण्यास मनाई झाली. त्यातून पळवाट म्हणून खच्ची कोंबडे प्रचारात आले, अशी आख्यायिका आहे. फ्रान्समधील ब्रेस भागात नाताळासाठी असे कोंबडे आजही तयार करतात.

जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी १८४९ मध्ये गटिंगेन येथे सहा नर पिलांवर प्रयोग केले. वृषण काढलेल्या पिलांचा तुरा वाढला नाही. परंतु उदरात वृषणाचे पुन्हा रोपण केलेल्या पिलांमध्ये तुरा, आरवणे व झुंजारपणा ही नरलक्षणे दिसून आली. तंत्रिकांचा जुना संबंध तुटलेला असल्याने वृषणाचा प्रभाव रक्ताद्वारे पोहोचतो, हे अनुमान निघाले. अंतःस्रावी ग्रंथींच्या अभ्यासात हा प्रयोग पायाभूत मानतात. पुढे पुं-हॉर्मोनांचे मापन खच्ची कोंबड्याच्या तुऱ्याच्या वाढीवरून करीत.

शस्त्रक्रिया : सस्तन प्राण्यांप्रमाणे पक्ष्यांचे वृषण शरीराबाहेर नसतात, ते पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) पुढील टोकाशी असतात. त्यांना लागूनच मोठी नीला जाते. या क्रियेतील मुख्य धोका हाच होय. साधारणतः सहा ते आठ आठवड्यांची पिले यासाठी निवडतात. आतडी रिकामी राहून आतील भाग स्पष्ट दिसावा म्हणून आदल्या दिवसापासून त्यांचे खाद्य बंद ठेवतात. पिलू कुशीवर निजवून पंख व पाय बांधतात. शेवटच्या दोन बरगड्यांवरील पिसे उपटून जागा जंतुनाशकाने पुसतात. कातडी थोडी बाजूस ओढून बरगड्यांमध्ये सु. २·५ सेंमी. छेद घेतात, त्यामुळे कातडी सोडल्यावर ती पूर्ववत सरकून आतील छेद झाकते. बरगड्या फाकवून वायुकोशाचे पातळ पटल फोडल्यावर गव्हाच्या दाण्याहून काहीसा मोठा, बहुधा पिवळसर वृषण दिसतो. एकाच छेदातून दोन्ही वृषण काढावयाचे असल्यास खालचा आधी काढतात. अन्यथा वरच्या जागेतील रक्ताने तो झाकला जातो. नीला फाटल्यास पिलू जागीच मरते. वृषणाचा कण जरी मागे राहिला, तरी तो पुन्हा वाढून नरलक्षणे परततात.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतकरी ही क्रिया घरी पुस्तिकांवरून शिकत. प्रथम मेलेल्या पक्ष्यावर हात बसवावा, असा सल्ला दिला जाई. जखमेभोवती कातडीखाली हवा साठल्यास ती टोचून काढावी लागते.

परिणाम : खच्ची कोंबड्याचा तुरा लहान व फिकट राहतो, आरवणे जवळजवळ थांबते आणि स्वभाव शांत होतो. नराची लांब पिसे मात्र कायम राहतात. कारण पिसाऱ्यातील भेद मुख्यतः स्त्री-हॉर्मोनावर अवलंबून असतो. स्नायूंमध्ये चरबी साठल्याने मांस रसाळ बनते.

सद्यःस्थिती : मानेच्या कातडीखाली स्टिल्बेस्ट्रॉलाची गोळी बसवून रासायनिक खच्चीकरण करण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली होती, मांसात उरणाऱ्या अंशामुळे ती १९५९ मध्ये बंद पडली. सुमारे सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होणाऱ्या संकरित ‘ब्रॉयलर’ पक्ष्यांमुळे खच्चीकरणाची आर्थिक गरज बहुतांशी संपली आहे. ही शस्त्रक्रिया परंपरेने भूल न देता केली जात असल्याने ती क्लेशदायक ठरते; ब्रिटनमध्ये तीस कायद्याने मनाई आहे. सबब, चवीसाठी प्राण्यास किती वेदना द्यावी, हा प्रश्न आता तंत्राइतकाच महत्त्वाचा मानला जातो. पशुवैद्याच्या मार्गदर्शनाशिवाय व भुलीशिवाय ही क्रिया घरी करणे इष्ट नव्हे.