कोणती गुणपत्रिका पुढे करायची?

बारावीचा निकाल लागला की पूर्वी एकच कागद हाती पडायचा. त्यावरचे गुण हेच मुलाचे भांडवल. ते घेऊन बाप महाविद्यालयाच्या दारात उभा राहायचा आणि यादीत नाव लागले की पेढे वाटायचा. कुठले गुण दाखवायचे, हा प्रश्नच नव्हता.

आज त्याच घरात मे-जून महिन्यांत चार आकडे जमा होतात. बारावीची टक्केवारी, जेईईचा जानेवारीतला पर्सेंटाइल, एप्रिलमधला पर्सेंटाइल आणि राज्याच्या सीईटीचा पर्सेंटाइल. मुलाच्या डोक्यात अमेरिका असेल, तर सॅटचा पाचवा आकडाही. मग काका फोनवरून सांगतात, ‘जेईईचा धरा.’ शेजारचे म्हणतात, ‘सीईटीवर इथेच मिळेल की!’ आणि ज्याचे गुण, तो मुलगा कोपऱ्यात गप्प बसलेला असतो.

हा गुंता एका दिवसात झालेला नाही. राज्यात १९९९ मध्ये वैद्यकीय प्रवेशांसाठी सीईटी आली, पुढे ती अभियांत्रिकीलाही लागू झाली. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई आणि बारावीचे गुण एकत्र धरून झाले. २०१६ मध्ये गाडी पुन्हा सीईटीच्या रुळावर आली. २०१९ पासून जेईई मेन वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा होऊ लागली. थोरल्या भावाला लागू पडलेला नियम धाकट्या बहिणीला लागू पडेलच असे नाही, एवढे तरी पालकांनी यातून घ्यावे.

घरोघर होणारी सर्वांत मोठी गफलत म्हणजे दोन पर्सेंटाइल शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी किती जण तुमच्या मागे किंवा बरोबरीने आहेत, एवढेच तो सांगतो. २०२५ मध्ये जेईई मेनला १४ लाखांहून अधिक मुले बसली. तिथे ९५ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सत्तर हजारांवर मुले उभी होती. त्याच वर्षी सीईटीच्या गणित गटात सव्वाचार लाखांच्या आसपास मुले होती. तिथल्या ९५ च्या पुढे सुमारे एकवीस हजार. आकडा तोच, रांग मात्र निराळी. परीक्षेचा स्वभावही निराळा. जेईईत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत.

तेव्हा ‘कुठले गुण चांगले’ यापेक्षा ‘कुठल्या रांगेत आपण दाराच्या जवळ आहोत’ हे पाहावे. जेईईची रांग एनआयटी आणि ट्रिपल आयटीच्या दाराशी जाते. सीईटीची रांग राज्यातल्या महाविद्यालयांकडे. त्यात आपल्या शहरातले १९६० सालचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतल्या अखिल भारतीय जागांसाठी मात्र जेईईच्या गुणांना अग्रक्रम असतो. म्हणून राज्याच्या प्रवेश अर्जात जेईईचा तपशील भरायला विसरू नये. दोन्ही रांगांत नाव लावता येत असेल, तर एक सोडण्यात शहाणपण नाही.

छावणीतल्या घरांना इथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत, तशी बदलीवर आलेली लष्करी कुटुंबेही. मूळ गाव दुसऱ्या राज्यात, दहावी तिसऱ्याच ठिकाणी आणि बारावी इथे. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी असतात आणि मुलाचे राज्य ठरते ते बारावी कुठून उत्तीर्ण झाला यावरून. छावणीत राहून बारावी केलेल्या मुलाला नागपूरच्या एनआयटीत महाराष्ट्राचा मानले जाते, मग वडिलांचे गाव कुठलेही असो. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत मात्र अधिवासाचे नियम वेगळे आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि संरक्षण दलातील पालकांच्या मुलांसाठी स्वतंत्र तरतुदीही आहेत. गुण चांगले असून कागद चुकीच्या गटात गेला, तर दोष कुणाला देणार?

जानेवारीची जेईई बिघडली की अनेक घरांवर सुतकी कळा पसरते. त्याचे कारण नाही. दोन्हींपैकी जो निकाल सरस, तोच क्रमवारीसाठी धरला जातो. वाईट गुण लपवावे लागत नाहीत. राज्य सरकारनेही २०२६ साठी सीईटी दोनदा घेण्याचे आणि चांगला पर्सेंटाइल धरण्याचे जाहीर केले. खरा धोका वेगळाच आहे. जानेवारीच्या दुःखात फेब्रुवारीतली बारावीची परीक्षा हातची जाते. एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के गुण किंवा मंडळातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी टक्क्यांची अट ६५ आहे. या अटीपाशी अडकलेल्या मुलाला जेईईचा पर्सेंटाइल उपयोगी पडत नाही. ‘नीट’ देणाऱ्यांना तर निवडीची सोयच नाही. त्या वर्षीचे गुण हेच खरे.

परदेशी जाणाऱ्यांचे गणित निराळे. सॅट १६०० गुणांची. ती अनेकदा देता येते आणि कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे ते विद्यार्थी ठरवू शकतो. मात्र एका तारखेचे गणित आणि दुसऱ्या तारखेचे इंग्रजी असे तुकडे पाठवता येत नाहीत. काही विद्यापीठे सगळे निकाल मागतात, काही स्वतःच प्रत्येक विभागातला सर्वोत्तम आकडा उचलतात. चार विद्यापीठांना गुण विनाशुल्क पाठवता येतात, पण ती नावे परीक्षेनंतर नऊ दिवसांत द्यावी लागतात, म्हणजे निकाल पाहण्याआधीच! फुकट म्हणून घाई करण्यापूर्वी विचार करावा. करोनाकाळात अनेक विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, हार्वर्डने २०२४ मध्ये तसे जाहीर केले. जिथे ती अजून ऐच्छिक आहे, तिथे कमी गुण न पाठवणे यात लबाडी नाही. नियमानेच ती मुभा दिली आहे.

एवढे सगळे पाहून झाल्यावरही एक निर्णय उरतो आणि तो कुठल्याही संकेतस्थळावर सापडत नाही. जेईईच्या गुणांवर मुलीला दूरच्या एनआयटीत जागा मिळते आहे आणि सीईटीवर घराजवळ तिच्या आवडीची शाखा. इथे आकडे गप्प बसतात. ‘मुलगी एवढ्या लांब कशाला’ म्हणून जेईईचा निकाल गुंडाळून ठेवणे हा त्या मुलीवर अन्याय आहे, तसाच चार लोकांत एनआयटीचे नाव सांगता यावे म्हणून तिला नको असलेल्या शाखेत ढकलणे हाही आहे. पुढची चार वर्षे पहाटे उठून प्रयोगशाळेत तिला जायचे आहे, काकांना किंवा शेजाऱ्यांना नव्हे. पसंतीक्रम भरायला बसाल, तेव्हा आधी तिला बोलू द्या. सगळे अभ्यासून ती जो आकडा पुढे करील, त्यामागे घराने उभे राहावे.