आमची दुसरी टीम

क्रिकेटवर लिहिणाऱ्याच्या नावावर निदान चार धावा तरी असाव्यात, अशी वाचकांची अपेक्षा असेल तर ती रास्तच म्हटली पाहिजे. माझ्या नावावर कांगा लीगमधला एकच सामना आहे आणि त्यात एकही धाव नाही. एरवी मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. अध्यापकांच्या खोलीत क्रिकेटची चर्चा निघाली की मी मुकाट्याने चहा पितो. तरीही आज हा विषय हाती घेतला आहे, कारण पहिल्या टीमवर लिहिणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या टीमवर कोणी लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाही.

आमचा क्लब लालबागचा. गणेश गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आमची चाळ होती. तळमजल्यावर जिन्याखाली पत्र्याचा एक काळा पेटारा असे, तेच आमचे क्लब-हाउस. पहिल्या टीमचे सामान वरच्या कप्प्यात आणि आमचे खालच्या. खालच्या कप्प्यात पहिल्या टीमने टाकून दिलेल्या दोन बॅटी, वेगवेगळ्या घराण्यांतली चार पॅड्स आणि एक यष्टिरक्षकाचा हातमोजा. जोडीतला दुसरा कुठे गेला, हे क्लबच्या इतिहासातले एक गूढ आहे. गार्ड मात्र सगळ्यांत मिळून दोनच. बाद होऊन परतलेल्या खेळाडूने सर्वांत आधी काय काढून पुढच्याच्या हवाली करायचे, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

चाळीच्या पटांगणातले क्रिकेट निराळे. तिथे रबरी चेंडू, अंडरआर्म गोलंदाजी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीला चेंडू लागला की फलंदाज बाद, असा कायदा. त्या शाळेतून पास झालेल्या पोराला तेरा-चौदाव्या वर्षी दुसऱ्या टीमचे बोलावणे येई. लेदरचा चेंडू प्रथम हाताला लागला की तळवा संध्याकाळपर्यंत झिणझिणत असे, आणि तो तळवा आम्ही आईला न दाखवता सगळ्या चाळीला दाखवीत फिरत असू.

आमची पहिली टीम कांगा लीगच्या खालच्या एका डिव्हिजनमध्ये खेळे. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली सुरू झालेली ही लीग म्हणजे मुंबईचे एक नवलच आहे. जग पाऊस आला की खेळ थांबवते, मुंबईकर पाऊस आला की ही लीग सुरू करतात. इंग्लंडातल्या ओल्या खेळपट्टीची आपल्या खेळाडूंना सवय व्हावी, हा त्यामागचा हेतू. खेळपट्टी उघडी, भोवती वाढलेले गवत. जमिनीलगत मारलेला फटका दहा पावलांवर गवतात निजतो, म्हणून धावा हव्या असतील तर चेंडू उचलून मारावा लागतो. गोलंदाजाचा पाय घसरू नये म्हणून लाकडाचा भुसा टाकतात आणि चेंडू पुसायला खिशात फडके ठेवतात. अशा खेळात शंभर धावा म्हणजे डोंगर. आझाद मैदानावर तर एकमेकांना खेटून इतके सामने चाललेले असतात की आपल्या सामन्यातला क्षेत्ररक्षक शेजारच्या सामन्यातल्या फलंदाजाशी गप्पा मारीत उभा असतो.

या लीगमध्ये दुसऱ्या टीमला स्थान नव्हते. आम्ही इतर क्लबांच्या दुसऱ्या टीमशी मैत्रीचे सामने खेळायचे आणि लीगच्या रविवारी पहिल्या टीमची किटबॅग वाहायची. करी रोडला सकाळची गाडी पकडायची, तेव्हाच्या व्ही. टी.ला उतरायचे आणि बॅग दोघांनी दोन टोकांना धरून मैदान गाठायचे. भुसा टाकणे, पाणी नेणे, गवतात चेंडू शोधणे ही आमची कामे. मोबदल्यात एक वडापाव, अर्धा चहा आणि तंबूच्या कडेला बसून सामना पाहण्याचा हक्क.

या टीमचे सर्वेसर्वा म्हणजे मामा. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, पण साऱ्या गल्लीचे होते. गिरणीत साच्यावर काम करायचे आणि गिरणीच्या क्रिकेट संघात डावखुरी फिरकी टाकायचे. त्या काळी कचेऱ्या, बँका आणि गिरण्या यांचे संघ टाइम्स शील्डसारख्या स्पर्धांत उतरत आणि चांगला खेळणाऱ्या पोराला कुठे ना कुठे चिकटण्याची आशा असे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. मामा त्यांतलेच एक. नंतर ते एका कंपनीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. रविवारी सकाळी ड्यूटी संपवून, न झोपता, थेट करी रोडच्या फलाटावर येऊन उभे राहत. माझे वडीलही त्याच संपात घरी बसलेले. आमच्या टीममधल्या बहुतेकांच्या घरी थोड्याफार फरकाने हीच स्थिती होती. रविवारी आम्ही घराबाहेर असलो की घरातल्यांनाही बरे वाटत असावे, हे मला फार उशिरा कळले.

मामांचे दोन नियम होते. पहिला असा की, या सामन्यात ज्याला बॅट किंवा बॉल मिळाला नाही, त्याला पुढच्या सामन्यात आधी मिळायचा, मग हरलो तरी चालेल. दुसरा नियम स्कोअरबुकाचा. ते मामा स्वतः लिहीत. खिशात दोन गोष्टी असत, पेन्सिल आणि शाईचे पेन. धावा पेन्सिलीने, कारण त्यांत चूक होते, पंच निर्णय फिरवतात, बेरीज चुकते. खेळाडूंची नावे मात्र शाईने.

आता माझ्या सामन्याकडे येतो. लालबागच्या क्लबाला एक अडचण अशी आहे, जी मुंबईतल्या इतर क्लबांना क्वचितच असेल. लीगच्या ऐन हंगामात गणपती येतात. निम्मी पहिली टीम एस.टी.ने कोकणात गावी जाते आणि उरलेली निम्मी मंडळाचे बिल्ले छातीवर लावून दर्शनाची रांग सांभाळते. ज्या दहा दिवसांत साऱ्या मुंबईला लालबागखेरीज काही दिसत नाही, त्याच दहा दिवसांत लालबागच्या टीमला अकरा माणसे मिळत नाहीत. आम्हां पोरांना बाप्पा पावायचा तो असा!

१९९५ च्या गणपतीत मी सोळा वर्षांचा होतो. शनिवारी रात्री मामा दारात आले आणि म्हणाले, "उद्या पांढरे कपडे घाल रे. आणि लवकर झोप." पांढरी पँट नव्हतीच. शेजारच्या दादाची आणली, ती आईने रात्रीत चार बोटे आत घेतली. झोप अर्थातच लागली नाही. त्यातून रात्रभर ढोल!

दुसऱ्या दिवशी शेवटचा फलंदाज म्हणून मी खेळपट्टीवर गेलो, तेव्हा आम्हाला जिंकायला नऊ धावा हव्या होत्या. समोर आमचा मुरलेला खेळाडू उभा होता. त्याने सांगितले, "फक्त पुढे खेळ." मी पुढे खेळलो. चेंडू ओल्या मातीवर पडला आणि उसळायचे विसरला. सरपटत येऊन त्याने मधली यष्टी पाडली. घरातून निघताना आईने हातावर दिलेल्या साखरेची चव अजून जिभेवर होती.

तंबूपर्यंतचे ते अंतर मी आजही पावलांनी मोजून सांगू शकेन. कोणी काही बोलले नाही. मी मामांच्या शेजारी जाऊन बसलो आणि पॅडचे पट्टे सोडवीत राहिलो, ते सुटेनात. मामांनी पेन्सिलीने माझ्या नावापुढे शून्य काढले, वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "नाव बरोबर लिहिलंय का बघ. तुझ्या वेलांट्यांची भानगड असते." मी पाहिले. शाईने, मोठ्या अक्षरात, पूर्ण नाव होते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा किटबॅग उचलली. पहिल्या टीमचे बोलावणे नंतर आले नाही आणि शिक्षणात मी क्रिकेटपासून दूर गेलो.

बाहेर बसण्याची परंपरा आपल्या क्रिकेटमध्ये लहानसहान नाही. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरी हरवणारे कप्तान अजित वाडेकर. ते या खेळाकडे गंभीरपणे वळले, ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या संघात बारावा गडी म्हणून. बाळू गुप्ते यांनी बसमध्ये त्यांना विचारले होते आणि त्याचे दिवसाला तीन रुपये मिळणार होते. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला होता. त्याचे नाव अमोल मुझुमदार. त्याने पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताकडून खेळण्याची पाळी काही आली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच मुझुमदार होते. ही मोठ्यांची उदाहरणे झाली. पण आमच्या खालच्या कप्प्यातून कोणी वाडेकर निघाला नाही, मुझुमदारही नाही. मग त्या टीमचा उपयोग काय?

हा प्रश्न मला यंदा अगदी कागदोपत्री विचारला गेला. क्लबच्या चिटणीसांचा फोन आला. "सर, दुसरी टीम बंद करावी म्हणतोय. गणपतीनंतर सभा आहे, जुने सभासद म्हणून तुम्ही या." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. चाळ पडून तिथे टॉवर झाला आहे, पेटारा एका सभासदाच्या सव्विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहे. मुले दिवा, बदलापूर, नालासोपारा अशी पांगली आहेत. लेदर बॉल महाग झाला आहे. ज्यांना परवडते ते कोचिंग अकादमीत जातात. मी फोनवर म्हणालो, "व्यवहाराने पाहिले तर तुमचे बरोबर आहे."

गणपतीत दर्शनाला लालबागला गेलो. रविवार होता. मैदानावर सामना आहे असे कळले, म्हणून करी रोडला गाडीत बसलो. पहिल्या टीमचे पाच जण नव्हते. त्यांच्या जागी पाच पोरे उभी होती. त्यांतला यष्टिरक्षक पंधरा वर्षांचा, पहाटेच्या गाडीने बदलापूरहून आलेला. वडील घरोघर पार्सले पोचवतात, असे त्याच्याबरोबर आलेल्या आईने सांगितले. अकादमीची फी झेपत नाही, हेही तिनेच सांगितले, अगदी सहज. दुपारी पावसाने सामना अडवला आणि पोरांना फलंदाजी मिळालीच नाही. स्कोअर लिहायला कोणी नव्हते म्हणून वही माझ्याकडे आली होती. तो मुलगा भिजून तंबूत आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "सर, माझं नाव लिहिलंत ना?"

सभेत मी उभा राहिलो. मोठे भाषण केले नाही. एवढेच म्हणालो, की ही पाच पोरे नसती तर त्या रविवारी आपल्याला सामना सोडून द्यावा लागला असता, आणि सामना मिळाला नाही तर ही पोरे रविवारी कुठे असतील, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. मामा हयात नाहीत, पण त्यांचे नियम सभेतल्या निम्म्या लोकांना पाठ होते. तासभर वाद झाला. चिटणीस शेवटी म्हणाले, "ठीक आहे, पण बॉलचं काय?" तेव्हा असे ठरले की प्रत्येक जुन्या सभासदाने वर्षाला एक लेदर बॉल द्यायचा. दुसरी टीम एक वर्ष चालू राहील, पुढच्या वर्षी पुन्हा हिशेब पाहायचा. माझ्याकडे एका बॉलखेरीज स्कोअरबुकही आले आहे.

त्या दिवशी मुलाने विचारले, तेव्हा त्याचे नाव मी पेन्सिलीने लिहिले होते. खिशात तेवढीच होती. सभेहून घरी आल्यावर मी वही उघडली, शाईचे पेन घेतले आणि पाचही नावे पुन्हा गिरवली. वेलांट्या नीट पाहून.